बिननावाचा कॅमेरा

डिचोलीच्या बाजारात विनोदिनीच्या स्टुडिओत फोटो काढायला गेलेल्या माणसाला आधी आरसा आणि कंगवा मिळायचा, आणि मग विनोदिनी त्या कंगव्याकडे बघत उभी राहायची. भांग पाडून झाला, की कंगवा सरळ तिच्या हातात परत आला पाहिजे. मेजावर ठेवलेलाही तिला चालत नसे. पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवर कामाला आलेले बेळगाव-कोल्हापूरकडचे तरुण गावी फोटो पाठवायला यायचे. त्यांच्यासाठी स्टुडिओचा एक काळा कोट होता. कोट उतरवला की विनोदिनी त्याची बटणं चाचपून बघायची, ती त्यांच्यादेखतच. माणसं हसायची, पण यायची. बाई फोटो काढते म्हटल्यावर लग्नाच्या मुलींना घेऊन येणाऱ्या आयांनाही बरं वाटायचं, आणि तिच्या फोटोत माणूस आहे त्यापेक्षा शांत दिसायचा, हेही खरं होतं.

तिचा नवरा रघुनाथ पाळीच्या खाणीवर हजेरीच्या कामाला होता. तो म्हणायचा, विनोदिनी देवळात गेली तर आधी चपलांकडे बघते आणि मग देवाकडे. ती यावर रागवत नसे. तिचं म्हणणं एवढंच होतं, की ज्याच्या घरातून एकदा वस्तू गेली त्यालाच ते कळतं.

ती वस्तू म्हणजे तिच्या वडिलांचा कॅमेरा. सगुण मयेकर हे पोर्तुगीज अमदानीतले डिचोलीतले फोटोग्राफर. त्यांच्याकडे परदेशी बनावटीचा मोठा लाकडी कॅमेरा होता. तीन पायांवर उभा करायचा, मागे काळं कापड, मध्ये तांबड्या चामड्याचा भाता आणि समोर पितळी नळीत बसवलेलं भिंग. कपाळावर कंपनीच्या नावाची छोटी पितळी पट्टी होती. ती पट्टी विनोदिनी लहानपणी रोज चिंचेनं घासायची. फिल्म नव्हती, काचेच्या प्लेटी वापरायच्या. एकेक प्लेट लाकडी चौकटीत बंद करून कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवायची. हे काम दत्तारामकडे असे. दत्ताराम धारगळकर हा पेडण्याचा. मिसरूड फुटायच्या वयात तो सगुणबाबांकडे मदतीला आला आणि मागच्या खोलीतच राहायला लागला. विनोदिनीला प्लेटी धुवायला त्यानंच शिकवलं. ती त्याला दत्ताभाई म्हणायची.

एकसष्टच्या डिसेंबरात गोव्यात भारतीय फौज आली त्या दिवसांत कॅमेरा नाहीसा झाला. एका संध्याकाळी विनोदिनीनं पाहिलं, तर तिपाई कोपऱ्यात उभी आणि वर काहीच नाही. सगुणबाबा म्हणाले, चोरीला गेला. त्या गडबडीत कोणाकडे तक्रार करणार? जुने पोलीस पळाले होते आणि नवे अजून यायचे होते. पुढं थोड्याच दिवसांत दत्ताराम आपलं बोचकं उचलून पेडण्याला निघून गेला, जाताना विनोदिनीकडे बघितलंसुद्धा नाही. काही महिन्यांनी बातमी आली, की त्यानं पेडण्याच्या बाजारात स्वतःचा स्टुडिओ काढला आहे आणि त्याच्याकडे काळ्या कापडाचा मोठा कॅमेरा आहे.

मग कोणी काही सिद्ध करायची गरज उरली नाही. सगळ्या डिचोलीनं ठरवून टाकलं. सगुणबाबांनी मात्र दत्तारामचं नाव कधी घेतलं नाही. घरात त्याच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात झाली, की ते उठून बाहेर जायचे. विनोदिनीला वाटायचं, पोटच्या पोरासारखा सांभाळला त्यानंच दगा दिला म्हणून बाबांना बोललेलं सोसत नाही. सगुणबाबांनी पुढं छोट्या कॅमेऱ्यावर भागवलं, आणि ते गेल्यावर स्टुडिओ विनोदिनीनं चालवायला घेतला. इतकी वर्षं पेडण्याचं गिऱ्हाईक आलं तरी ती आधी विचारून घ्यायची, की धारगळकरांपैकी तर नाही ना.

सन शहाऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. विनोदिनी शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेली होती. जुन्या सामानाच्या ओळीत, पितळी समया आणि तुटक्या खुर्च्यांच्या मध्ये, एक लाकडी पेटी उघडी पडली होती. दुसऱ्या कोणाला ती पेटीच वाटली असती. विनोदिनी जागच्या जागी थांबली. पेटीची पुढची फळी खाली पाडली की तिच्यावर भात्याचं तोंड पुढं सरकतं, पाठीला घासलेली काच, वर उचलायला चामड्याचा पट्टा. भिंग नव्हतं आणि नाव तर कुठंच नव्हतं. तिनं विक्रेत्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की हे कुठून आलं. तो म्हणाला, पेडण्याच्या एका घरातून, भंगाराबरोबर.

तिला पुढं काही ऐकायचं नव्हतं. पेटी पिशवीत मावेना, म्हणून तिनं नवी चादर घेतली आणि तीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर धरून बसली. डिचोली येईपर्यंत शेजारच्या बाईला तिनं तीनदा सांगितलं, की हात लावू नका.

घरी आल्यावर तिनं कॅमेरा मेजावर ठेवून जनेल उघडलं आणि उजेडात तपासायला बसली. बाबांची एक चौकट अजून घरात होती, काचेची प्लेट बंद करायची. ती तिनं ट्रंकेतून काढली आणि कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवून पाहिली. चौकट आत गेली आणि टक्कन बसली. तेरा बाय अठरा सेंटिमीटरचं हे माप बाबांच्या युरोपी प्लेटींचं. मुंबईकडून येणारे जुने कॅमेरे इंचाच्या मापाचे असतात, त्यांत ही चौकट बसलीच नसती. विनोदिनीनं रघुनाथला हाक मारून ते दोनदा करून दाखवलं. तिच्या दृष्टीनं चोर सापडला होता.

रघुनाथ स्वभावानं सावकाश माणूस. तो म्हणाला, माप जुळलं हे ठीक, पण बाकीचंही बघ. मग ती बघायला लागली, आणि बाकीचं जुळेना. कपाळावर पितळी पट्टीच्या खिळ्यांची भोकं असायला हवी होती. भोकं बुजवली असतील म्हणून तिनं पॉलिश खरवडलं. खाली लाकूड अखंड होतं. मग तिला वाटलं, की पुढची फळीच बदलली असणार. भाता तांबड्या चामड्याचा नव्हता, काळ्या कापडाचा होता, आणि जवळून पाहिल्यावर ते छत्रीचं कापड निघालं. चामडं सडलं असेल, नवा भाता घातला असेल. स्क्रूंची डोकी एकासारखी एक नव्हती. हरवले असतील. शेवटी तिनं तळाशी, जिथं पॉलिश पोचलं नव्हतं तिथं, नखानं ओरखडा काढला. आत पिवळं लाकूड दिसलं. देवघराचा पाट, दाराची चौकट यांचा जुना रंग गेला की आतून दिसतो तसला पिवळा. फणसाचं लाकूड. परदेशातली कुठली कंपनी फणसाच्या लाकडाचा कॅमेरा करणार? पण विनोदिनीनं त्यालाही उत्तर शोधलं. वाळवी लागली असेल, म्हणून सगळी पेटीच नवी केली असेल.

रघुनाथ म्हणाला, "फळी नवी, भाता नवा, स्क्रू नवे, पेटी नवी. मग चोरलं काय होतं?"

तिनं कॅमेरा परत चादरीत गुंडाळला.

पुढच्या शुक्रवारी ती कॅमेरा घेऊन म्हापशाला मिनेझिसबाबांकडे गेली. हे फोटोच्या सामानाचे जुने दुकानदार. पोर्तुगीज काळात लिस्बनहून प्लेटी आणि कागद मागवायचे. त्यांनी चष्मा लावून कॅमेरा उलटासुलटा केला, भाता ताणून उजेडासमोर धरला, मग भात्याचं तोंड पुढं-मागं सरकवणारं चाक हळूहळू फिरवलं. एका ठिकाणी चाक अडकलं आणि धक्का देऊन सुटलं. त्यांनी बोटानं दाखवलं, की आतल्या पितळी पट्टीचे दाते कानशीनं घासून केलेले आहेत, एक दाता जाड राहिला आहे. त्यांचं मत असं पडलं, की हे हातानं केलेलं काम आहे, इथल्याच कुणाचं. याचं नाव कोणी पुसलेलं नाही, याला नाव कधी नव्हतंच. आणि वर त्यांनी विचारलं, विकायचा आहे का.

बस्स, या एका प्रश्नानं त्यांचं सगळं मत फुकट गेलं. म्हाताऱ्याला तो स्वस्तात हवा आहे म्हणून हे सांगतो आहे, असं विनोदिनीनं मनात ठरवलं. पण परतीच्या बसमध्ये तिला एक गोष्ट टोचत राहिली. बाबांच्या कॅमेऱ्याचं चाक तिनं स्वतः फिरवलं होतं. ते तेलासारखं फिरायचं. पेटी बदलेल, भाता बदलेल, पण चांगली दातेरी पट्टी काढून वाईट कोण बसवेल?

आता दत्तारामच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

ते दिवस वाईट होते. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी यावरून रान पेटलं होतं. बाजारात दोन माणसं हळू बोलताना दिसली, की तिसरा कान टवकारायचा. विनोदिनीच्या दुकानाची पाटी मराठीत म्हणून काही गिऱ्हाइकांनी तोंड फिरवलं होतं, आणि तिची आई चंद्रावती दारात बसून कोंकणीत गप्पा मारते म्हणून दुसऱ्या काहींनी. म्हापशाहून पेडण्याची बस कधी सुटेल ते स्टँडवरही कोणाला सांगता येत नव्हतं. विनोदिनीनं भाड्यानं माणसं नेणारा मोटरसायकलवाला पायलट ठरवला आणि चादरीतला कॅमेरा पोटाशी धरून मागे बसली.

कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यावर झाडाच्या फांद्या आडव्या टाकून काही जण उभे होते. चादरीत काय आहे, असं त्यांनी विचारलं. कॅमेरा म्हणताच त्यांचे चेहरे बदलले. कुठल्या पेपरची? फोटो काढून कोणाला देणार? पोलिसांनी पाठवलं का? विनोदिनीनं चादर सोडून दाखवली, यात भिंगही नाही म्हणून सांगितलं. तरी एकानं पाठीच्या काचेला डोळा लावून पाहिलं, आणि मग नाव, गाव, नवऱ्याचं काम हे सगळं विचारून तिला सोडलं. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या हाताकडे बघत आली होती. आपल्या हाताकडे असं कोणी बघितलं की कसं वाटतं, ते तिला प्रथमच कळलं, आणि त्याचाही राग तिनं दत्तारामच्याच खात्यावर टाकला.

दत्तारामचं घर पेडण्याच्या बाजाराला लागून होतं. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे बिऱ्हाड. त्याची सून सिद्धी दारात आली, तिनं पाणी दिलं. दत्ताराम आतून बाहेर आला. केस पांढरे, पाठीला बाक. त्यानं विनोदिनीला ओळखलं, पण आधी तिच्या हातातल्या चादरीकडे बघितलं. तोही त्या दिवसांत सावध असायचा. दोन्ही बाजूंच्या सभांचे फोटो काढायला बोलावणी यायची, आणि कोणाला होय म्हटलं तरी दुसरे दुकानासमोर उभे राहायचे. परक्या गावची बाई चादरीत कॅमेरा घेऊन आली, तिला कोणी पाठवलं असेल, असंच त्याला पहिल्यांदा वाटलं, हे त्यानं नंतर सांगितलं.

विनोदिनीनं चादर सोडली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विरून गेली आणि एवढंच तोंडातून आलं, "हा बाबांचा कॅमेरा आहे, दत्ताभाई."

दत्तारामनं कॅमेऱ्यावरून हात फिरवला. मग सुनेकडे पाहिलं. सिद्धी गोरीमोरी झाली. दिवाळीच्या आधी माळा साफ करताना तिनं जुन्या भांड्यांबरोबर ती पेटी भंगारवाल्याला दिली होती. तुटका पेटारा समजून.

"नाय, बाय," दत्ताराम म्हणाला. "हो कॅमेरो मी केललो."

विनोदिनी म्हणाली, हे कशावरून? त्यानं चाकाला हात न लावताच सांगितलं, की चाक फिरवताना एका जागी अडकतं, कानस घसरली होती. विनोदिनीनं मान हलवली. ज्याच्याकडे इतकी वर्षं वस्तू आहे त्याला एवढं माहीत असणारच. तेव्हा दत्तारामनं स्टुडिओतलं गिऱ्हाइकांना बसायचं स्टूल आणलं आणि कॅमेऱ्याशेजारी उपडं करून ठेवलं. तेच पिवळं लाकूड. त्याच्या मामाच्या परसातला फणस वादळात पडला होता. मामा सुतारकाम करणारा, त्याच्याकडून फळ्या कापून घेऊन, सगुणबाबांचा कॅमेरा आठवून आठवून त्यानं हा बनवला होता. उरलेल्या फळीचं स्टूल. स्टुलाच्या बैठकीत लाकडाची एक काळी रेघ होती, ती तिरपी जाऊन काठाशी तुटली होती. कॅमेऱ्याच्या तळफळीवर तीच रेघ पुढं सुरू झाली होती. विनोदिनीनं दोन्ही एकमेकांना भिडवून पाहिलं. एक फळी, मधून कापलेली.

आता कॅमेरा कोणाचा हा प्रश्न मिटला होता. पण तिचा संशय मिटला नाही, त्यानं फक्त कूस बदलली. तिनं विचारलं, "मग चौकटीचं माप बाबांचंच कसं? आणि बाबांचा कॅमेरा कुठाय?"

दत्ताराम उठला. मग सिद्धीला चहा ठेवायला आत पाठवलं आणि कपाटातून फडक्यात बांधलेली वस्तू काढून विनोदिनीपुढं ठेवली. ते सगुणबाबांचं भिंग होतं. पितळी नळी, कडेला कंपनीचं नाव, आणि नळीवर खाली पडून आलेला तो पोचा, जो विनोदिनीच्याच हातून लहानपणी पडला होता.

"म्हणजे चोरलंसच," ती म्हणाली आणि उठली.

"बस, बाय. ऐक, आनी मग जा."

त्यानं सांगितलं ते असं. पोर्तुगीजांच्या शेवटच्या वर्षांत, चळवळीत धरलेल्या माणसांचे फोटो काढायला सगुणबाबांना पोलीस चौकीवर बोलावत. नाही म्हणायची सोय नव्हती. दत्ताराम प्लेटी घेऊन बरोबर जायचा. धरलेल्यांतले काही जण गावातले, ओळखीचेच असायचे. भिंतीला टेकून उभे केलेले, कोणाचा ओठ फाटलेला. सगुणबाबा काळ्या कापडाखाली जायचे आणि काम करून बाहेर यायचे, घरी कोणाला काही सांगायचे नाहीत. फौज येणार हे नक्की झालं तेव्हा गावात बोटं दाखवायला सुरुवात झाली, की कोण कोणाचा माणूस होता. सगुणबाबांनी चौकीच्या फोटोंच्या सगळ्या प्लेटी एका पोत्यात भरल्या. एका दुपारी ते आणि दत्ताराम पाळीला गेले, तिपाईवरून काढलेला कॅमेराही सगुणबाबांनी बरोबर घेतला होता. खाणी बंद होत्या. एका जुन्या खड्ड्यात पाणी साचून तळं झालं होतं. पोतं बुडवायला गेलेल्या सगुणबाबांनी पोतं टाकलं आणि मागोमाग कॅमेराही उचलला. दत्तारामनं हात धरला. ते म्हणाले, याच्यातून मला आता दुसरं काही दिसणार नाही. एवढंच झालं, की भिंग तरी ठेवा, अशी विनवणी दत्तारामनं केली आणि ते पिळून काढून घेतलं, मग कॅमेरा पाण्यात गेला. सगुणबाबा म्हणाले, तुझ्याकडे ठेव, माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस. प्लेटींच्या चौकटीही त्यालाच दिल्या. एक तेवढी घरात राहून गेली. म्हणूनच नवा कॅमेरा करताना त्याला माप शोधावं लागलं नाही, हातात होतं ते तेच होतं.

चोरीची गोष्ट सगुणबाबांनी बायकोमुलीसाठी रचली होती. लोक त्या चोरीला दत्तारामचं नाव जोडतील हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, निदान दत्ताराम तसं म्हणाला.

विनोदिनीनं विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलास?

"तुज्या बापाशीन सांगल्यान, कोणाक बोलू नको. तो गेलो तेव्हा मी दारापर्यंत येऊन परतलंय. आनी तू, बाय, तू माका कदी इचारलंस?"

ती चहा न घेताच निघाली. कॅमेरा तिथंच राहिला, भिंगही तिनं घेतलं नाही. वाटेत तिच्या मनात एकच होतं, की मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. पाळीच्या खड्ड्यात उतरून कोण बघणार आहे? रघुनाथलाही तिनं तेच सांगितलं. तो म्हणाला, तसा खड्डा आहे, पण आता त्यावर यंत्रांनी उपसलेल्या मातीचा डोंगर बसला आहे. पुरावा नाही, म्हणजे हवं ते बोलायला मोकळा, असं ती म्हणाली. आईसमोर हा विषय काढायचा नाही असंही ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रावती विळीवर नारळ खोवत बसली होती, आणि विनोदिनीला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं, दत्ताराम कसा खोटारडा आहे या सुरात.

पाळीचं नाव आलं तसा चंद्रावतीचा हात थांबला.

ती म्हणाली, फौजेच्या त्या दिवसांत एकदा तुझा बाबा भिजून आला होता. मांडीपर्यंत खाणीचा चिखल. पावसाचे दिवस नव्हते. काही विचारलं तर बोलला नाही. मासळी विकणाऱ्या बाईनं मला सांगितलं, की तुझा घोव पाळीच्या वाटेवर दिसला. पुढंही तो मधूनमधून तिकडे जायचा. कामाशिवाय. रिकाम्या हातानं जायचा, रिकाम्या हातानं यायचा, आणि आल्यावर जेवायचा नाही.

"इतकीं वर्सां माका दिसतालें," चंद्रावती म्हणाली, "थंय ताची कोणतरी बायल आसा."

पाळीला नवऱ्याची कोणी बाई आहे असंच ती धरून बसली होती, म्हणून तिनं तो चिखल कधी कोणाला सांगितला नव्हता. कॅमेरा गेल्याच्या दिवसाशी त्याचा संबंध असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिचं दुःख वेगळंच होतं, आणि ते ती एकटी सांभाळत आली होती. एकाच घरात आई नवऱ्यावर संशय घेत होती, मुलगी दत्तारामवर, आणि दोघींनी कधी एकमेकींना विचारलं नव्हतं. चंद्रावती खोबऱ्याचे हात तसेच धरून आधी रडली, मग म्हणाली, बिचारा पाण्याकडे बघत बसत असेल. विनोदिनी तिच्याजवळ बसून राहिली. त्या दिवशी स्टुडिओ उशिरा उघडला.

पण दत्तारामचं नाव साफ करायचं तर बाबांची गोष्ट सांगावी लागणार होती. विनोदिनीला तेच जड वाटत होतं. कितीतरी दिवस तिनं ते पुढं ढकललं. शेवटी ती सरस्वतीबाईंकडे गेली. सरस्वतीबाईंचे यजमान मास्तर होते, पोर्तुगीजांनी त्यांना तुरुंगात टाकलं होतं, आणि त्यांचा फोटो चौकीवर सगुणबाबांनीच काढला होता असं दत्ताराम बोलला होता. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. विनोदिनीनं खाली मान घालून सांगितलं. सरस्वतीबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, हे आम्हाला माहीत होतं, बाय. मास्तर सुटून आल्यावर सांगायचे, सगुणचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते. कापडाखालून बाहेर येऊन त्यानं माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाला, मास्तर, हनुवटी जरा वर. मास्तरांना त्याचं हसू यायचं. त्यांनी त्याला कधी दोष दिला नाही. तो मात्र आम्ही समोरून आलो की रस्ता बदलायचा.

यानंतर विनोदिनीनं कोणाची भीड ठेवली नाही. दुकानात, देवळात, बसमध्ये, जिथं जिथं तिनं दत्तारामला चोर म्हटलं होतं, तिथं तिथं ती सांगत सुटली. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. कोणी म्हणालं, दत्तारामनं तिला काहीतरी दिलं असणार. कोणी म्हणालं, पेडणेकर मराठीवाले, म्हणून ही आता त्यांची बाजू घेते. एक गृहस्थ तर म्हणाले, कॅमेरा फणसाचा असला तरी चोर तो चोरच. विनोदिनीला ही जात चांगली ओळखीची होती. तिनं त्यांच्याशी वाद घातला नाही.

तिचा स्वतःचा एक संशय मात्र गेला नाही. दत्तारामचं नाव लोक घेतील हे बाबांच्या खरंच ध्यानात आलं नसेल, की आलं होतं आणि त्यांनी येऊ दिलं? ते उठून बाहेर जायचे, ते नेमकं कशासाठी? हे आता सांगणारं कोणी उरलं नव्हतं. रघुनाथनं तिला सांगून पाहिलं, की जाऊ दे. ती म्हणाली, मी चोरीचं सोडलं, हे सोडणार नाही.

पुढच्या वर्षी गोवा राज्य झालं, त्या वर्षीच्या गणपतीच्या चवथीला विनोदिनीनं पेडण्याला निरोप पाठवला. दत्ताराम येईल याची तिला खात्री नव्हती. दुपारी तो डिचोलीच्या स्टँडवर उतरला आणि बाजारातून, सगळ्यांच्या दुकानांसमोरून चालत आला. पूर्वी त्याच रस्त्यानं तो बोचकं घेऊन गेला होता. काही जणांनी वर बघितलं, काहींनी मुद्दाम नाही. विनोदिनी दुकानाच्या पायरीवर उभी होती. ती खाली उतरून रस्त्यात गेली आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालली. तिनं माफी मागावी अशी त्याची अपेक्षा दिसत नव्हती.

चंद्रावतीनं त्याला पानावर बसवलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती त्याच्या समोर टेकली आणि जे इतके महिने मनात धरून होती ते विचारलं. पाळीत खरंच कोणी नव्हतं?

दत्ताराम घास हातात धरून थांबला. त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. मग त्यानं सांगितलं, नाही, वहिनी, तिथं नुसतं पाणी होतं.

चंद्रावतीनं मान हलवली आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला. विनोदिनी बघत होती. आईचा विश्वास बसला की नाही, ते तिला चेहऱ्यावरून कळेना.